घडी मोडताना : जुन्या कपड्यांविषयी वाचकांचं शंका-समाधान

चैत्र लागला, अक्षय तृतीया जवळ आली, आणि कपाटांच्या वरच्या खणातली बोचकी खाली उतरू लागली. या महिन्याच्या टपालात त्याच बोचक्यांची पत्रं आहेत. कुणाची पैठणी, कुणाच्या आजोबांची टोपी, कुणाची बारशाची कुंची. पत्रं वेगवेगळी असली तरी बहुतेकांनी विचारलंय ते एकच : हे घालावं, की नुसतं जपून ठेवावं?

माझं मत आधीच सांगते. घालावं. मात्र कापडाचं वय मोजत न बसता त्यात जोर किती उरलाय ते पाहून घालावं. आणि त्याच्यावर जे काही कराल, ते पुढच्या पिढीला उसवून, सोडवून मोकळं करता येईल असंच करावं. टाका उसवता येतो. कात्रीनं, ब्लीचनं आणि गोंदानं केलेलं मात्र कायमचं.

"माझ्या आजेसासूबाईंची नऊवारी पैठणी आहे, १९४० च्या आसपास लग्नात घेतलेली. पदराची जर अजून लखलखते, पण अंगात घड्यांवर बारीक चिरा गेल्यात. मुलीला लग्नात हीच नेसायची आहे. एक शिंपी म्हणतात, मागून पेस्टिंग करून देतो. दुसरे म्हणतात, कापून छान ड्रेस शिवू. काय करावं?" (राजापेठ, अमरावती)

ताई, सगळ्यात आधी दोन्ही शिंप्यांना थांबवा.

चिरा घड्यांवरच का गेल्या, ते समजून घेऊ. वर्षानुवर्षं एकाच घडीवर दुमडलेलं रेशीम त्या रेषेवर थकतं. त्यात जुन्या पैठणीची जर म्हणजे चांदीची तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळलेली आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली. पदर वजनदार, अंग हलकं. साडी हँगरला टांगली, पदर धरून उचलली किंवा नुसती झटकली, तरी ते सगळं वजन अंगातल्या रेशमावर येतं. म्हणून पैठणी उचलायची ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन, आणि ती हँगरला कधीही लावायची नाही.

आता जोर कसा पाहायचा? दिवसाच्या उजेडात पलंगावर पांढरी धुतलेली चादर अंथरा आणि तिच्यावर पैठणी पसरा. ओढून पाहू नका. घडीपासून दूर, चांगल्या दिसणाऱ्या जागी कापड बोटांत अलगद दुमडा आणि सोडा. ते मऊपणे परत उलगडलं तर रेशमात जीव आहे. करकर आवाज आला, नवी रेघ उमटली किंवा चादरीवर बारीक भुसा पडला, तर ही साडी अंगावर नेसण्याच्या पलीकडे गेली, असं समजा. जुन्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते, धागे लोंबत नाहीत. ते विणकरांचं कसब. तिथे कुठे धागा सुटला असेल तर तो कापू नका, आत दाबून एका टाक्यानं धरा.

पेस्टिंग म्हणजे गरम इस्त्रीनं चिकटवलेला गोंद. तो कापडाला पुठ्ठ्यासारखा ताठ करतो, काही वर्षांत पिवळा पडतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ होऊन पुढच्या बाजूला डाग देऊ शकतो. निघत तर नाहीच. त्याऐवजी प्रत्येक चिरेच्या मागे मिळत्या रंगाच्या मऊ मलमलीची किंवा पातळ रेशमाची पट्टी ठेवायची, ती चिरेच्या सगळ्या बाजूंनी चार बोटं मोठी घ्यायची, आणि रेशमाच्या बारीक दोऱ्यानं लांब, सैल धावदोरा घालायचा. चीर ओढून बंद करायची नाही, आहे तशी सपाट बसवायची. पॉलिएस्टरचा दोरा वापरू देऊ नका. तो जुन्या रेशमापेक्षा चिवट असतो, ताण आला की कापडच कापतो. रफू इथे चालणार नाही. रफूला आधार म्हणून बाजूचं कापड भक्कम लागतं आणि तुमच्याकडे नेमकं तेच कमजोर आहे.

नेसायचं कसं, हा पुढचा प्रश्न. कासोटा घातलेल्या नऊवारीवर सगळ्यात जास्त ताण बसताना येतो, आणि लग्नात मुलगी तासन् तास पाटावर बसते. त्यात मे महिन्यातलं अमरावतीचं लग्न म्हणजे घाम. घामातले क्षार रेशमात राहिले की तिथला रंग आणि धागा दोन्ही जातात. म्हणून विधींना नवी साडी नेसवा. अंतरपाट धरताना, मंगलाष्टकांच्या वेळी, मुलगी उभी असते तेव्हा ही पैठणी शेल्यासारखी दोन्ही खांद्यांवरून घ्या. रेशमात जीव चांगला निघाला तर तेवढ्या वेळापुरती नेसवायलाही हरकत नाही. हळदीच्या वेळी मात्र ती खोलीतही नको. अत्तर किंवा स्प्रे अंगाला आधी लावून वाळू द्यायचा आणि मग साडी घ्यायची. जरीवर अत्तर पडलं की ती काळवंडते. पिन लावायचीच असेल तर आत सुती कापडाचा तुकडा ठेवून त्यात अडकवा, जरीतून आरपार नको. ओला हार घालताना मधे उपरण्याची पट्टी असू द्या. रेशमावर पाण्याचा थेंब वाळला तरी कडेनं वर्तुळ उमटतं.

समारंभ झाला की लगेच घडी घालू नका. रात्रभर बंद खोलीत चादरीवर पसरून ठेवा. सकाळी पाहा, मगच गुंडाळा.

ड्रेसबद्दल माझं मत ठाम आहे. साडी सलग आहे तोवर तिला कात्री लावू नये. अंग पूर्ण विरलं आणि काठ-पदर शाबूत राहिले, तर ते नव्या, तेवढ्याच वजनाच्या रेशमावर बसवायला माझी काहीच हरकत नाही. आपल्या आज्या मधे विरलेल्या लुगड्याचा खराब भाग काढून उरलेलं जोडायच्या आणि दंड भरून आणखी काही वर्षं नेसायच्या. कापड वाचवण्यासाठी चाललेली कात्री आणि हौसेखातर चाललेली कात्री, यांत मी फरक करते.

"माह्या मायीचं करवती काठाचं कोशाचं लुगडं हाये. सणावाराले नेसे ते. आमच्या इकडचं पानी लय खारं, साबनाले फेसच येत नाई. मागच्या खेपी धुतलं त पांढरे डाग पडले अन् लुगडं पापडावानी कडक झालं. पुन्हा धुतलं त फाटन काय?" (दर्यापूर तालुका)

मावशी, लुगडं फाटेल या भीतीनं तुम्ही थांबलात, हे उत्तम केलंत. डाग तुमच्या हातानं पडलेले नाहीत, पाण्यानं पडलेत.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तुमचा तालुका येतो. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार किती, याचा पुरावा इतिहासातच आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्रापासून इतक्या दूर अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढलं गेलं होतं. ज्या पाण्यातून मीठ निघतं त्यात कोसा धुतला तर पाणी उडून जातं आणि मीठ धाग्यांच्या पोटात बसतं. त्याचे खडे बारीक आणि टोकदार असतात, घडी हलली की धागा आतून घासला जातो. वर साबण आणि जड पाणी एकत्र आलं की चिकट पांढरा साका तयार होतो. तुमचे डाग बहुतेक त्याचेच आहेत, आणि ते बरेचसे निघू शकतील.

पाणी उकळून घेतलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. उकळल्यानं थोडा जडपणा कमी होतो, खारेपणा मुळीच जात नाही. उलट पाणी आटतं आणि मीठ तेवढंच राहतं. पावसाळ्यात पहिला-दुसरा पाऊस पत्रे धुऊन गेल्यावरचं पाणी धरलंत तर त्यासारखं पाणी नाही. आत्ता हवं असेल तर आरओ मशीनचं प्यायचं पाणी घ्या. मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे बाहेर पडतं ते फेकायचं पाणी मात्र बोअरहून खारं असतं, काटकसर म्हणून ते वापरू नका.

आधी रंग तपासा. कापसाचा बोळा ओला करून काठाच्या आणि अंगाच्या प्रत्येक रंगावर, आतल्या कोपऱ्यात, थोडा वेळ दाबून धरा. बोळ्याला रंग लागला तर घरी धुऊच नका. नाही लागला, तर मोठ्या टबात आधी जुनी सुती चादर अंथरा, तिच्यावर लुगडं सैल घड्यांत ठेवा आणि वरून गोडं पाणी सोडा. साबण नको. पंधरा-वीस मिनिटांनी चादरीची चारही टोकं धरून सगळं एकदम उचला. हे चादरीचं काम टाळू नका. रेशीम आणि कोसा ओले असताना कोरड्याहून कमजोर असतात, नुसतं लुगडं धरून उचललं तर ते स्वतःच्याच पाण्याच्या वजनानं फाटतं. पाणी बदलून हे तीन-चार वेळा करा. कडकपणा हळूहळू जाईल. मळ असेल तरच शेवटच्या आधीच्या पाण्यात रिठ्याचं पाणी घाला : रिठे रात्रभर भिजवलेले, कुस्करून दुहेरी फडक्यातून गाळलेले. चोळायचं नाही, तळव्यानं दाबायचं. धुण्याची पावडर आणि सोडा रेशमाला आणि कोशाला खातात, कारण हे प्राण्यापासून आलेले धागे आहेत. सुती लुगड्याला सौम्य साबण चालतो.

पिळू नका. दोन कोरड्या चादरींत गुंडाळून पाणी टिपा आणि घरात, सावलीत, बाजेवर चादर टाकून आडवं वाळवा. दोरीवर टाकलंत तर ओल्या कापडाचा सगळा भार एका रेषेवर येतो. कोशाचा तो मधासारखा रंग आणि करवतीच्या दात्यांचा काठ विदर्भाच्याच विणकरांच्या हातचा आहे, म्हणून एवढा खटाटोप सांगितला.

"मुलाच्या बारशाची कुंची आणि टोपडं चाळीस वर्षं ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपलं. आता नातीचं बारसं आहे. तिला घालता येईल ना? कापडावर तेलकट डागही दिसतात." (जठारपेठ, अकोला)

काकू, कापडाआधी नातीबद्दल बोलू.

डांबरगोळीची वाफ कापडात मुरते, आणि ती तान्ह्या बाळासाठी धोक्याची ठरू शकते. काही बाळांना जन्मतः एका विकराची कमतरता असते, डॉक्टर तिला जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा बाळाच्या अंगाला किंवा श्वासाला डांबरगोळीचा अंश लागला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कमतरता आहे की नाही, हे बाळाकडे पाहून कळत नाही. म्हणून ट्रंकेतून काढलेली कुंची थेट बाळाला घालायची नाही, हे माझं स्पष्ट उत्तर. ट्रंकेतली दुपटीही तशीच. कधी चुकून घातली गेली आणि बाळ पिवळं दिसलं, मलूल झालं किंवा लघवी गडद झाली, तर घरी थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

कुंची धुऊन, वाऱ्यावर बरेच दिवस ठेवून वास पूर्ण गेला तरी मी ती बाळाच्या अंगावर न घालता, पाळण्यापासून थोडी दूर पसरायला सांगेन. तिथे ती सगळ्यांना दिसेल आणि आजीच्या हातची म्हणून हाताळता येईल. नातीसाठी त्याच घाटाची नवी सुती कुंची शिवा. जुनीवरून माप आणि घडणी काढून घेतलीत, तर ती शिवण्याची रीतही घरात राहील. जुन्या टोपड्याच्या बंदांना आणि सुट्या मण्यांना बाळापासून दूर ठेवण्याचं कारण तर तुम्हाला सांगायला नको.

तेलकट डागांचं बहुधा हे झालंय : डांबरगोळ्यांसोबत कुणीतरी कापूर ठेवला. दोन्ही वेगवेगळे असताना घट्ट असतात, पण एकमेकांना लागले की साधारण ३२ अंशांलाच वितळायला लागतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या ट्रंकेत त्याहून अधिक. तिथे त्यांचं तेलच होणार. डाग ताजे नसतील तर निघणं अवघड आहे. सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात एकदा भिजवून पाहा, त्यानं उतरेल तेवढं उतरू द्या आणि पुढे घासत बसू नका.

इथून पुढे ट्रंकेत काहीच घालू नका, असंच मी म्हणेन. कसर लागते ती घामाच्या, खळीच्या आणि अन्नाच्या डागांना. कापड स्वच्छ, कोरडं आणि बिनखळीचं ठेवलं आणि वर्षातून दोनदा उघडून पाहिलं, तर गोळ्यांची गरज राहत नाही. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर पूर्ण वाळलेला, वेगळ्या पुरचुंडीत, कापडाला न टेकता. ओला पाला हिरवे-तपकिरी डाग देतो. लोकरीच्या कोटाला किंवा शालीला कसर लागलीच असेल तर ती वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर गार कापडावर दव धरतं.

"आजोबांची खादीची टोपी आणि सदरा आहे, १९३० च्या चळवळीतला. दोन्ही पिवळे पडलेत. नीळ द्यावी की ब्लीच? फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचा विचार आहे." (अकोला)

नीळही नको, ब्लीचही नको. ब्लीचनं पांढरं होईल आणि त्याच धुण्यात धागा कुजेल. हा पिवळेपणा सुताच्या वयाचा आहे, त्यात जुनी खळ आणि राहिलेला साबण मिसळलाय. वर दर्यापूरच्या मावशींना सांगितलं तसं चादरीवर ठेवून, फक्त गोड्या पाण्यात भिजवा. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघेल. ते बदलत राहा, पाणी स्वच्छ राहू लागलं की थांबा. रिठा इथे वापरू नका, पांढऱ्याला तपकिरी झाक देतो. टोपीच्या आतली घामाची रेघ, सदऱ्यावरचा शाईचा ठिपका, आजीनं हातानं केलेली दुरुस्ती, हे सगळं तसंच राहू द्या. तो सदरा कुणाच्या अंगावर होता, हे सांगणारं तेवढंच उरलंय.

फ्रेम करायची तर कापड गोंदानं चिकटवू देऊ नका आणि खिळेही नकोत. मांजरपाटावर मोजक्या टाक्यांनी बसवा, काच कापडाला टेकणार नाही इतकी दूर ठेवा आणि भिंत ऊन न येणारी निवडा. मला विचाराल तर फ्रेमपेक्षा सपाट पेटी बरी, आणि १५ ऑगस्टला काढून सगळ्यांना दाखवणं बरं. कुणाचा, कोणत्या वर्षीचा, कुठल्या गावातला, हे शिसपेन्सिलीनं कागदावर लिहून पेटीत ठेवा. आज घरात हे माहीत असलेलं माणूस आहे, तोवर लिहा. घरात पुढे कुणी सांभाळणार नसेल तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयाकडे विचारणा करा. १९३८ पासूनचं ते संग्रहालय खादी आणि ग्रामोद्योगांनाच वाहिलेलं आहे.

"सासूबाई म्हणतात, ठिगळ लावलेलं कापड शुभकार्यात नेसू नये. खरं आहे का?" (अंजनगाव सुर्जी)

शास्त्राचा अधिकार माझा नाही, पण तुमच्याच तालुक्यातल्या शेंडगावी, १८७६ साली, कपडे धुण्याचा परंपरागत व्यवसाय असलेल्या परीट घरात गाडगेबाबा जन्मले. पुढे जन्मभर ते चिंध्या जोडलेलं वस्त्र पांघरून गावोगाव झाडू घेऊन फिरले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. त्यांच्या तालुक्यात ठिगळाची लाज कशाला? स्वच्छ असावं आणि नीट टाक्यानं लावलेलं असावं, एवढंच मी सासूबाईंना नम्रपणे सांगेन.

"आईची काळी चंद्रकळा संक्रांतीला नेसायला काढली तर काळा भाग बोटानंसुद्धा फाटतो, काठ मात्र ठणठणीत. मी नीट ठेवली नाही का?" (मूर्तिजापूर)

तुमच्या ठेवण्यात काही कमी नव्हतं. हिरड्याच्या पाण्यात भिजवून मग लोहाच्या पाण्यातून काढलेला काळा ही आपल्याकडची जुनी रंगाईची पद्धत, आणि त्या काळ्यातलं लोहच पुढे धागा खातं. जगभरच्या संग्रहालयांत जुन्या कापडांचे काळे-तपकिरी भाग असेच आधी झडतात. यावर इलाज नाही, वेग फक्त कमी करता येतो : कोरडं ठेवा, उजेड टाळा, धुऊ नका. चंद्रकळा आता नेसू नका. काठ सोडवून नव्या काळ्या साडीला हातशिलाईनं लावा, संक्रांतीला आईचा काठ अंगावर राहील. त्या साडीवर हलव्याचे दागिने घालणार असाल तर खाली सुती पट्टी लावा. साखर कापडाला चिकटली की मुंग्या येतात.

"दारावर जुनी जर घेणारे येतात. शालूचे वजनावर पैसे देतात. विकावा का?" (परतवाडा)

विकू नका, निदान त्याच दिवशी नको. वजनावर घेतलेल्या जरीच्या साड्या जाळून त्यातली चांदी काढतात. आपल्याकडचे कितीतरी शालू आणि पैठण्या अशाच संपल्या. जर खरी आहे का, हे स्वतः पाहायचं असेल तर आपोआप सुटलेला एकच धागा घ्या आणि नखानं खरवडा. मुलाम्याखाली पांढरी चांदी दिसली तर जुनी खरी जर, तांबूस दिसलं तर तांब्यावरची, आणि प्लास्टिकसारखी पापडी निघाली तर अगदी अलीकडची. काळवंडलेली खरी जर भांड्यांच्या पावडरनं, चिंचेनं किंवा टूथपेस्टनं उजळायला जाऊ नका. मुलामा केसाहून पातळ असतो, चांदीचा काळेपणा घासताना सोनंच आधी निघून जातं. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र जरीपासून दूर ठेवा, गंधक असलेल्या वस्तूंनी चांदी काळी पडते.

"आजीची एकदाणी, बोरमाळ आणि मोत्यांची नथ. दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ करतो. यंदा मण्यांना पोचे आले. असं का?" (अकोट)

कारण ते मणी आतून लाखेनं भरलेले आहेत. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. गरम पाण्यात लाख मऊ होते, भोकातून बाहेर येते आणि पत्र्याचा आधार जातो. पोचे सराफाकडे दाखवा, लाख पुन्हा भरून घेता येते. यापुढे ओल्या मऊ फडक्यानं पुसून लगेच कोरडं करा, बुडवू नका. माळेचा दोरा घामानं कुजतो, तो तुटायची वाट न पाहता पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. दोन मण्यांमध्ये गाठ असली की दोरा तुटला तरी मणी विखुरत नाहीत. दरवर्षी उजळून घेण्याची हौस आवरा, प्रत्येक उजळणीत सोनं झिजतं. पुतळीहार असेल तर आधी जातात त्या पुतळ्यांवरच्या लक्ष्मीच्या रेषा.

मोती चुन्याच्याच जातीचा, त्यामुळे घाम, लिंबू, व्हिनेगर, अत्तर यांनी त्याचं पाणी जातं. नथ सगळ्यात शेवटी घालायची, सगळ्यात आधी काढायची, पुसायची आणि सुती कापडात ठेवायची.

"वडिलांचं एचएमटीचं चावीचं घड्याळ पंधरा वर्षं बंद होतं. चावी दिली तर चालू झालं. रोज वापरू का?" (बडनेरा)

आधी घड्याळजीकडे न्या. आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, त्यावर घड्याळ चाललं तर चाकांचे आस घासतात. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूला घड्याळं सुरू केली आणि २०१६ मध्ये तो व्यवसाय बंद झाला. त्यामुळे सुटे भाग आता जुन्या घड्याळांतूनच मिळतात, झिजू देणं परवडणार नाही. सफाई झाल्यावर रोज वापरा, बंद ठेवण्यापेक्षा ते बरं. चावी सकाळी, मनगटावरून काढून, अडेपर्यंत द्या आणि अडल्यावर जोर करू नका. पाण्यापासून, घामापासून आणि मोबाइलच्या स्पीकरपासून जपा.

"जुन्या बाजारातून ७० च्या दशकातले टेरिलिनचे शर्ट घेतलेत. कॉलेजात घालतो. काही काळजी?" (विद्यार्थी, अमरावती)

बिनधास्त घाला, टेरिलिन तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. आणल्यावर आधी धुवा, इस्त्री अगदी कमी ठेवा. जुनी बटणं आणि चेन ठिसूळ झालेली असतात, पहिल्याच दिवशी तपासा. आणि अमरावतीच्या उन्हात ते कापड घाम शोषत नाही, आत सुती बनियन असू द्या.

"कपाट कुठे ठेवावं? आमच्याकडे एकच खोली थंड असते, तिथे कूलर आहे. साड्या रोल-पॉलिश करून प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवते." (रामदासपेठ, अकोला)

कूलरच्या खोलीत नको. बाहेरची हवा कोरडी असली तरी आत कूलर सतत ओल सोडतो, आणि ती बंद कपाटात साचून बुरशी धरते. पश्चिमेच्या भिंतीलाही नको, लोखंडी कपाट दुपारी तापतं. आतल्या, उत्तरेकडच्या किंवा मधल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून वर ठेवा म्हणजे वारा फिरेल आणि उधई दिसेल. तीच एक खोली असेल तर कूलरचा झोत कपाटावर येणार नाही असं पाहा आणि कूलर चालू असताना कपाट उघडू नका.

जुन्या साड्यांचं रोल-पॉलिश आजपासून बंद करा. त्यात खळ आणि वाफ देऊन साडी रुळांवर ताणतात. नवी साडी ते सोसते, तीस-चाळीस वर्षांची सोसत नाही, आणि ती खळ कसरीला बोलावते. कोळशाच्या इस्त्रीलाही जुनं रेशीम देऊ नका, तिची आच आवरता येत नाही.

प्लास्टिकच्या पिशव्या काढून टाका. मांजरपाट दोनदा धुऊन खळ घालवा आणि त्यात साड्या गुंडाळा. जरीच्या साड्या शक्यतो पुठ्ठ्याच्या जाड नळीवर, नळीला आधी मांजरपाट गुंडाळून, जर बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळा. जागा नसेल तर घडी घाला, पण प्रत्येक घडीत मलमलीची सुरळी ठेवा म्हणजे टोकदार मोड पडत नाही. कपाटाच्या दारावर एक कागद लावा आणि घडी बदलल्याची तारीख लिहीत जा. वर्षातून दोनदा पुरे : एकदा होळीनंतर, ऊन तापण्याआधी, आणि एकदा पाऊस पूर्ण उघडल्यावर. त्या दिवशी साड्या सावलीतच पसरायच्या. वैशाखातलं ऊन रेशमाला दाखवू नका, त्या उन्हात रंगही उडतो आणि रेशीमही पिवळं पडतं. यंदाची होळी होऊन गेली असली तरी उशीर झालेला नाही, या आठवड्यात सकाळच्या वेळी उरकून घ्या.